पेटीवरचे सात दिवस कुणी मोजले?

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, कृषी भवन, नवी दिल्ली
आणि
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो, मानक भवन, नवी दिल्ली

विषय : स्मार्टवॉचच्या बॅटरीचे दावे, बॅटरी बदलण्याची सोय आणि चार्जर

महोदय,
स. न. वि. वि.

बार्शीत आमचं घड्याळांचं दुकान आहे. वडिलांच्या काळात शोकेसमध्ये एचएमटी असायची, मग टायटन आली. आता अर्ध्या शोकेसमध्ये स्मार्टवॉच आणि उरलेल्या अर्ध्यात मोबाइलची कव्हरं. पूर्वी घड्याळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक 'वॉटरप्रूफ आहे का' विचारायचं. आता पहिला प्रश्न असतो, 'बॅकअप किती?' मी पेटी फिरवून दाखवतो. तिच्यावर 'सात दिवस', 'दहा दिवस' असं ठळक छापलेलं असतं. गिऱ्हाईक ते वाचतं आणि माझ्याकडे बघतं. 'खरंच?' खोटं आहे म्हणावं तर माल पडून राहतो. खरं आहे म्हणावं तर पुढच्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक मनगट पुढे करून दारात उभं.

तो आकडा कुठल्या चाचणीतून आला, काय काय चालू ठेवून मोजला, कुणी तपासला, यातलं काहीच पेटीवर नसतं. विचारायचा अधिकार गिऱ्हाइकाला तर आहेच, पण उत्तर द्यायला भाग पाडायचा अधिकार तुमच्या दोन कार्यालयांकडे आहे. म्हणून हे पत्र कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

आधी एक स्पष्ट सांगतो. रोजच्या वापराला आजच्या स्मार्टवॉचची बॅटरी बहुतेक माणसांना पुरते. नवं घड्याळ सकाळी घातलं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत बंद पडलं, अशी तक्रार माझ्याकडे फार क्वचित येते. स्वस्तातलं घड्याळ कसंही वापरलं तरी दोन दिवस जातं, महागातलं एक दिवस नक्की जातं, आणि माणूस रोज रात्री घरी येतो. येणाऱ्या तक्रारी वेगळ्याच असतात. सांगितले सात आणि मिळाले दोन, ही एक. दीड-दोन वर्षांनी बॅटरी आटली आणि बदलून मिळत नाही, ही दुसरी. आणि चार्जर हरवला, तसलाच दुसरा कुठे मिळत नाही, ही तिसरी आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारी. या तिन्हींत बॅटरीच्या रसायनाचा दोष थोडा आहे, नियम नसल्याचा जास्त.

रोज चार्ज करावं लागतं याचा त्रागा करणाऱ्यांना मी एचएमटीची आठवण देतो. 'जनता' हे चावीचं घड्याळ होतं. पूर्ण चावी दिली की जेमतेम दीड दिवस चालायचं, म्हणून रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्यायची. पुऱ्या एका पिढीने ते केलं आणि त्याला कुणी कटकट म्हटलं नाही. 1987 मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं आली, सेल दोन-दोन वर्षं टिकायला लागला आणि आपली सवय मोडली. कॅसिओचं एफ-91डब्ल्यू हे 1989 सालचं मॉडेल एका सेलवर सात वर्षं चालतं असं कंपनी सांगते. (ते अजून विकलं जातं आणि मला विचाराल तर आजही पैसा वसूल घड्याळ तेच.) पण चावी द्यायला अर्धं मिनिट आणि दोन बोटं लागायची, आणि चावी घड्याळालाच असल्यामुळे हरवायची नाही. चार्जिंगला तास-दोन तास लागतात, प्लग लागतो आणि नेमका तोच चार्जर लागतो. रोजच्या माणसाचा खरा त्रास इथे आहे, आणि कंपन्यांच्या जाहिराती बोलतात फक्त दिवसांबद्दल.

बॅटरी एवढी लहान का, हे गिऱ्हाइकाला समजावणं सोपं आहे. आजच्या फोनमध्ये 5000 एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरी असते, मनगटावरच्या घड्याळात जागाच तेवढी नाही. ॲपल वॉच सीरीज 8 च्या मोठ्या मॉडेलमध्ये 308 एमएएच, गॅलक्सी वॉच 4 च्या मोठ्या मॉडेलमध्ये 361, वनप्लस वॉच 2 मध्ये 500. तीनशे एमएएच म्हणजे साधारण सव्वा वॉट-तासाच्या आत. रोज पूर्ण चार्ज केलं तरी वर्षाकाठी अर्धं युनिट वीज लागत असेल. वीजबिलाचा प्रश्न नाहीच.

ही एवढीशी वीज खातं कोण, हे मात्र पेटीवर कुणी सांगत नाही. सगळ्यांत मोठा खादाड पडदा. त्यात मे महिन्यातल्या सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात दिसावा म्हणून ब्राइटनेस शेवटाला नेलेला असतो. 'ऑलवेज ऑन' चालू केलं की तो पडदा दिवसभर पूर्ण विझतच नाही. मग पाठीमागचा हिरवा दिवा, जो त्वचेवर उजेड पाडून नाडी मोजतो. तो दहा मिनिटांनी एकदा लागतो की सतत, यावर दिवसांचा हिशेब बदलतो. ब्लूटूथ कॉलिंग आलं तेव्हापासून घड्याळातच स्पीकर आणि माइक बसला. मनगट तोंडाजवळ नेऊन बोलायची हौस आमच्याकडे फार, आणि त्यात चार्ज डोळ्यांदेखत उतरतो. आणि नोटिफिकेशन. घरच्या ग्रुपवर सकाळी सहा ते आठ शुभ सकाळची फुलं येत असतात, प्रत्येक फुलाला मोटर थरथरते आणि पडदा उजळतो. 'सात दिवसां'चं घड्याळ दोन दिवसांत बसलं म्हणून आलेल्या माणसाचा फोन मी आधी बघतो. ग्रुप म्यूट करून आणि सतत नाडी मोजणं बंद करून त्याला चार-पाच दिवस मिळवून देता येतात. पण मग त्याने ज्यासाठी घड्याळ घेतलं तेच आपण बंद केलं, हेही मला दिसतं.

सात दिवस चालणारं घड्याळ बनवताच येत नाही, असं नाही. पेबल या घड्याळाने 2012 मध्ये किकस्टार्टर या ऑनलाइन वर्गणीच्या साइटवर लोकांकडून एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम गोळा केली, आणि ई-पेपरसारख्या, कमी वीज खाणाऱ्या पडद्यावर आठवडाभर चालणारं स्मार्टवॉच विकून दाखवलं. 2016 च्या अखेरीस ती कंपनी फिटबिटने घेतली आणि घड्याळ बंद झालं, ही गोष्ट वेगळी. गार्मिन आपल्या इन्स्टिंक्ट 2 सोलरबद्दल सांगते की रोज तीन तास 50,000 लक्सच्या उजेडात वापरलंत तर साध्या वापरात ते चार्ज करायची गरजच नाही. भर उन्हात याच्या दुप्पट लक्स असतात, म्हणजे आमच्याकडच्या शेतकऱ्याला ती अट सहज पार पाडता येईल. किंमत पार पाडता येणार नाही. वनप्लस वॉच 2 मध्ये दोन चिप आहेत, जड कामाला एक आणि किरकोळ कामाला दुसरी कमी खाणारी. त्यावर कंपनी 100 तास सांगते. म्हणजे किती दिवस चालायचं हे बनवणारा आधी ठरवतो. चकचकीत रंगीत पडदा हवा की आठवडा हवा, हा सौदा आहे, आणि सौद्यात माप दोघांनाही दिसायला हवं.

माप दाखवता येतं, हेही सिद्ध झालेलं आहे. ॲपलचं घड्याळ 2015 मध्ये आलं तेव्हापासून बरीच वर्षं कंपनी आपल्या साध्या मॉडेलांना 18 तास सांगत आली. मला तो आकडा कधी फार वाटला नाही. पण तो कसा काढला हे ते लिहितात. सीरीज 8 च्या वेळी लिहिलं होतं : 18 तासांत 90 वेळा वेळ बघणं, 90 नोटिफिकेशन, 45 मिनिटं ॲप आणि ब्लूटूथवर गाणी ऐकत 60 मिनिटं व्यायाम. हा दिवस माझा नसेल, पण तो कुठला दिवस आहे हे मला कळतं. त्यापेक्षा जास्त वापरलं तर कमी मिळेल, हे शाळकरी पोरालाही समजेल. आता स्वस्तातल्या पेट्या बघा. 'सात दिवस' आणि शेजारी एक चांदणी. चांदणीचा अर्थ शोधायला गेलं तर पेटीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात 'वापरानुसार बदलू शकेल'. कॉलिंग चालू असेल तर किती, सतत नाडी मोजली तर किती, रात्रीची झोप नोंदवली तर किती, काही नाही.

तुमच्याच विभागाच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात असावा, आणि त्याने दाव्यातली महत्त्वाची माहिती लपवू नये, असं त्यांत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. नियम चांगले आहेत. पण 'सात दिवस' हा दावा खोटा ठरवायचा तर कशाशी ताडून ठरवणार? ठरलेली चाचणीच नाही. कंपनी म्हणेल, आम्ही घड्याळ टेबलावर ठेवून दिवसातून थोड्या वेळा पडदा लावला आणि सात दिवस भरले. तेही खोटं नसेल.

याचं उत्तर आपल्याकडेच, पुण्यात आहे. मोटारसायकल घेणारा माणूस 'ॲव्हरेज किती' विचारतो तेव्हा दुकानदार एआरएआय या पुण्यातल्या वाहन-चाचणी संस्थेचा आकडा सांगतो. तेवढं ॲव्हरेज बार्शी-कुर्डुवाडी रस्त्यावर मिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी त्या आकड्याचा उपयोग होतो, कारण सगळ्या गाड्या एकाच ठरलेल्या चाचणीतून गेलेल्या असतात. ही गाडी त्या गाडीपेक्षा जास्त देते, एवढं खात्रीने सांगता येतं. स्मार्टवॉचसाठी मला याहून जास्त काही नको. मानक ब्यूरोने एक दिवस ठरवावा. इतक्या वेळा मनगट उचललं, इतकी नोटिफिकेशन आली, नाडी सतत मोजली, इतकी मिनिटं कॉल झाला, रात्री झोप नोंदवली. तो दिवस सगळ्या घड्याळांना जगायला लावा आणि आलेले तास पेटीवर किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला लावा. स्मार्टवॉच 2017 च्या आदेशाने तुमच्या सक्तीच्या नोंदणीत आहेच, 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक घड्याळावर किंवा पेटीवर असतो. पण ती नोंदणी शॉक आणि आग यांपुरती. घड्याळ प्रयोगशाळेत जातंच आहे, तर तिथे अजून थोडे दिवस राहू द्या.

युरोपात 20 जून 2025 पासून फोन आणि टॅबलेटवर असं लेबल सक्तीचं झालं. एका चार्जमध्ये किती तास, किती चार्जिंगनंतर बॅटरी 80 टक्क्यांवर येते, दुरुस्तीला किती सोपं, हे सगळं एका कागदावर. घड्याळं त्यांनी बाहेर ठेवली. आपण आधी करू शकतो. दोन-अडीच हजारांची घड्याळं आपल्याइतकी कुठे विकली जात असतील असं वाटत नाही, आणि दीड हजाराचं घड्याळ घेणारा माणूस घेण्याआधी पाच व्हिडिओ बघून, तुलना करून येत नाही. तो पेटी वाचतो.

लेबलवर अजून एक आकडा मला हवा आहे, आणि तो दिवसांपेक्षा मोठा वाटतो : पंधरा मिनिटांत किती चार्ज होतं. हे का, ते सांगतो.

पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेली मुलं आईवडिलांसाठी घड्याळ पाठवतात. पडलं तर ओळखून फोन लावणारं. ॲपलने ही सोय 2018 मध्ये सीरीज 4 पासून दिली, 55 च्या पुढच्या वयाला ती आपोआप चालू होते. सॅमसंगच्या घड्याळांतही आहे. घड्याळ येतं, मी ते लावून देतो, नंबर भरून देतो. मग आजोबा काय करतात? रात्री झोपताना काढून चार्जिंगला लावतात, कारण फोन तसाच लावायची सवय. आणि म्हातारं माणूस पडतं कधी? रात्री तीनला बाथरूमला जाताना, दिवा न लावता. त्या क्षणी घड्याळ टेबलावर शंभर टक्के चार्ज होऊन बसलेलं असतं. म्हणून मी सांगतो, रात्री घालूनच झोपा, अंघोळीलाही काढू नका. दुपारी जेवण झाल्यावर आरामखुर्चीत बसता किंवा संध्याकाळी मालिका बघता, तेव्हा लावा. पण हे जमतं ते घड्याळ पटकन चार्ज होत असेल तरच. 2021 च्या सीरीज 7 बद्दल ॲपलने सांगितलं होतं की आठ मिनिटं चार्ज केलं तर आठ तासांची झोप नोंदवता येते. स्वस्त घड्याळांना भरायला दोन-दोन तास लागतात. मालिका अर्ध्या तासाची असते. दोन तास काढून ठेवलेलं घड्याळ पुन्हा घालायचं लक्षात राहत नाही, आणि मग ते तिथेच राहतं.

तेव्हा एक दिवस चालणारं पण अर्ध्या तासात भरणारं घड्याळ रोजच्या माणसाला चालतं, असं माझं मत झालं आहे. दोन दिवस चालून दोन तास घेणारं त्याला जास्त छळतं. पंधरा मिनिटांचा आकडा पेटीवर असेल तर हे मला समजावत बसावं लागणार नाही.

ज्यांना हे लागू नाही अशी माणसंही आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनला महाराष्ट्रातून बरेच धावपटू जातात. साधारण 88 किलोमीटर, आणि वेळेची मर्यादा 12 तास. सतत जीपीएस चालू ठेवून बारा तास टिकणारं घड्याळ त्यांना लागतं, आणि ते पारखून गार्मिनसारखं काहीतरी घेतात. त्यांची काळजी मला नाही. माझ्या काउंटरवरच्या बहुतेक घड्याळांत स्वतःचं जीपीएसच नसतं, ती फोनचं वापरतात, आणि हेसुद्धा पेटीवर नीट लिहिलेलं नसतं.

आता दुसरी तक्रार. बॅटरी जितक्या वेळा पूर्ण भरून रिकामी होते तितकी ती थकते. साध्या लिथियम पॉलिमर सेलचं आयुष्य 300 ते 500 पूर्ण चक्रं धरतात. चांगली कंपनी जास्त देते. ॲपल आपल्या घड्याळाला 1000 चक्रांपर्यंत 80 टक्के क्षमता टिकेल असं सांगते. रोज एक चक्र धरलं तर हजार चक्रं पावणेतीन वर्षांत संपतात आणि पाचशे सव्वा वर्षात-दीड वर्षात. आठवड्यातून एकदाच चार्ज होणारं घड्याळ मात्र पाचशे चक्रांवर नऊ वर्षं काढेल. म्हणजे कमी तास चालणाऱ्या घड्याळाला मार दुहेरी आहे, आजही कमी चालतं आणि म्हातारंही लवकर होतं. वर उष्णता. हे सेल चार्ज करताना 45 अंशांपेक्षा गरम नसावेत असं सांगतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात खिडकीशी चार्जिंगला लावलेलं घड्याळ त्याच्या आसपासच असतं.

मग बॅटरी बदला ना, असं कुणीही म्हणेल. बदलायची कशी? क्वार्ट्झ घड्याळाचं झाकण उघडून सेल बदलणं माझं चहा थंड व्हायच्या आत होतं, आणि सेलवर 626 लिहिलेलं असलं की तो सेल बार्शीत काय, यात्रेतल्या टपरीवरही मिळतो. स्मार्टवॉच गोंदाने चिकटवलेलं असतं. गरम करून काच उचलायची, ती न तडकता आली तर आत दोन बारीक तारांवर डाग दिलेली बॅटरी, तिच्यावर मापाचा नंबर असला तर असतो. बाजारात तीच मिळत नाही. जवळच्या मापाची घातली, बी-7000 गोंदाने पुन्हा चिकटवलं, तरी पाणी आत जाणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. त्यात घड्याळ पंधराशेचं, मजुरी किती सांगू? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर वॉरंटी संपली, नवं घ्या, जुन्यावर सूट देतो. (सगळ्या कंपन्या अशा नाहीत. महागातल्या कंपन्या पैसे घेऊन बॅटरी बदलून देतात. पण त्यांची केंद्रं पुण्यात.) बंद पडलेली, पाठ फुगलेली घड्याळं लोक माझ्याकडेच ठेवून जातात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. अजून कुणी ती न्यायला आलेलं नाही.

तुमच्या विभागाने 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पुढे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती निर्देशांकासाठी (वस्तू दुरुस्त करायला किती सोपी हे सांगणाऱ्या आकड्यासाठी) समिती नेमली, तिने मे 2025 मध्ये अहवाल दिला. त्या निर्देशांकात स्मार्टवॉच घ्या, आणि घड्याळाच्या बाबतीत बाकी कशाहीपेक्षा बॅटरीला वजन द्या. पडदा फुटला तर चूक माणसाची असते. बॅटरी सगळ्यांचीच संपते. विकल्यापासून किमान पाच वर्षं सुटी बॅटरी आणि झाकणाची रबर रिंग ठरलेल्या किमतीला उपलब्ध ठेवावी, आणि ती किंमत पेटीवर छापावी. दीड हजाराच्या घड्याळाची बॅटरी नऊशेला असेल तर ते गिऱ्हाइकाला घेतानाच कळू दे.

आणि चार्जर. यावर मी सगळ्यांत जास्त वैतागलो आहे, तेव्हा शब्द जपून वापरतो. माझ्या ड्रॉवरमध्ये चुंबकी चार्जरचा गुंता आहे. दोन पिनांचे, चार पिनांचे, पिना जवळ असलेले, लांब असलेले, गोल बशीसारखे, चिमट्यासारखे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांना एकमेकांचा चालत नाही. चुंबक चिकटतो, म्हणून माणसाला वाटतं लागला, पण पिनांची उलटसुलट असली तर चार्ज होत नाही, कधी घड्याळच जातं. चार्जर हरवला की चांगलं चालणारं घड्याळ केराचं. ऑनलाइन मागवावा तर मॉडेलच बाजारातून गेलेलं असतं, कारण दर सहा-आठ महिन्यांनी नवं नाव येतं. प्रवासात पॉवर बँकेवर लावावं म्हटलं तर घड्याळ इतका थोडा करंट ओढतं की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही लागलंच नाही, आणि त्या आपोआप बंद होतात. एसटीने रात्रभर प्रवास करून आलेला माणूस सकाळी बंद घड्याळ घेऊन येतो तेव्हा त्यामागे हे असतं. काही पॉवर बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो, तो मी दाखवून देतो.

16 नोव्हेंबर 2022 च्या तुमच्या बैठकीत फोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी यूएसबी-सी यावर एकमत झालं, आणि मनगटावरच्या वस्तूंना एकसारखा चार्जिंग पोर्ट देता येईल का हे पाहायला उपगट नेमायचं ठरलं. माझ्या ड्रॉवरवर त्या उपगटाचा परिणाम अजून झालेला नाही. युरोपनेही आपल्या एक-चार्जर कायद्यात घड्याळं घेतली नाहीत. घड्याळाला यूएसबी-सीचं भोक पाडायला जागा नाही आणि पाणी जातं, हे मलाही मान्य आहे. पण घड्याळाच्या पाठीवरच्या दोन पिना किती अंतरावर असाव्यात आणि अधिक-उणे कुठल्या बाजूला, एवढं तर ठरवता येईल? किंवा वायरलेसची एक बशी ठरवा. ती सगळ्यांनी वापरली तर पेटीत चार्जर नसला तरी चालेल, तेवढं घड्याळ स्वस्त होईल. निदान उपगटाचा अहवाल तरी सार्वजनिक करा. त्यात काय अडचणी निघाल्या ते आम्हा दुरुस्तीवाल्यांना कळलं तर त्यावर बोलता येईल.

ग्राहक मदतवाहिनीचा 1915 हा नंबर मी दुकानात लावला आहे, गिऱ्हाइकांना देतोही. पण तिकडे फोन करून माणूस काय सांगणार? 'सात दिवस म्हणाले, दोनच चालतं.' पलीकडून विचारतील, 'तुम्ही कसं वापरता?' आणि विषय तिथेच अडतो. चाचणी ठरली तर त्याच फोनचं वजन वाढेल.

या पत्राची प्रत मुंबई ग्राहक पंचायतीलाही पाठवतो आहे.

मानक ब्यूरोला चाचणीसाठी नमुने लागत असतील तर मी द्यायला तयार आहे. दाव्यांच्या छापील पेट्या, निरनिराळे चार्जर आणि बंद पडलेली घड्याळं, सगळं जपून ठेवलं आहे. फक्त ते न्यायला माणूस पाठवावा लागेल. फुगलेल्या बॅटऱ्या कुरिअरवाले घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
घड्याळ आणि मोबाइल दुरुस्तीवाला एक दुकानदार,
बार्शी, जि. सोलापूर